सोमवारी पोचलेलं मत

मी बोलतेय, आणि खरं सांगायचं तर मला बोलायची परवानगी नाही. मी मतपत्रिका आहे. पोटात काय आहे ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच शिस्त आमच्या घराण्यात आहे. माझ्या चारशे बहिणी ती शिस्त पाळून निमूटपणे रद्दीत गेल्या. मी मात्र या घडीला कॉफीच्या रिकाम्या डब्यात ऐसपैस बसून तुमच्याशी गप्पा मारतेय. सगळ्यांत उरलेली मी एकटीच, तेव्हा थोडी बडबड गोड मानून घ्या.

माझा जन्म भोसरीतल्या एका छापखान्यात झाला. चाकणच्या एका कंपनीनं कँटीन समितीच्या निवडणुकीसाठी चारशे बारा मतपत्रिका मागवल्या होत्या. त्यातल्या अकरा वेगळ्या रंगात हव्या होत्या, कारण अकरा कामगार कंपनीच्या कामानं परगावी होते आणि त्यांची मतं बाहेरून येणार होती. छापखान्याच्या मालकाकडे कुणाच्या तरी डोहाळजेवणाच्या पत्रिकांतून उरलेला गुलाबी कागद पडून होता. त्यानं तोच यंत्रात सरकवला. माझ्या अंगावर बारीक चमकीसुद्धा आहे. बाकीच्या बहिणी पांढऱ्याफटक आणि आम्ही अकरा जणी नटूनथटून, त्यामुळे गठ्ठ्यात आमचा फार हेवा झाला.

माझ्यावर दोन चौकोन छापले होते. वरच्यात झाऱ्याचं चित्र आणि दादासाहेबांचं नाव. खालच्यात ताटाचं चित्र आणि जयमालाचं नाव. आडनाव दोघांचं एकच. डोक्यावर चार सूचना होत्या. पहिली दोन ओळींची ठळक, मग एकेक बारीक होत गेलेली. चौथी तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होती. ती कुणी वाचत नाही हे मला जन्मतःच कळलं, कारण छापखान्याच्या मालकानंही तपासताना तिसरीवरच चष्मा काढला.

कँटीनची निवडणूक म्हणजे काय एवढं मोठं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या दोन चौकोनांच्या मागं काय होतं ते ऐका.

दादासाहेब नऊ वर्षं समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. आवाज मोठा, मिशी मोठी आणि पोह्यांवर जीव. नाष्ट्याला आठवड्यातून चार दिवस पोहे आणि पाचव्या दिवशी त्यातच शेंगदाणे जास्त. त्यांच्यासमोर कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं. यंदा जयमाला उभी राहिली.

जयमाला त्याच कंपनीत हार्नेस लाईनला. गाडीच्या आत ज्या रंगीबेरंगी वायरींच्या जुड्या असतात, त्या या बायका फळ्यांवर गुंफतात. त्यांची शेड कंपनीच्या एका टोकाला आणि कँटीन दुसऱ्या टोकाला. साडेअकराला भोंगा होतो, अर्ध्या तासाची सुट्टी. सात मिनिटं चालण्यात जातात. तोवर कँटीनशेजारच्या प्रेस शॉपचे गडी ताटं घेऊन पुढं उभे असतात, मग पंधरा मिनिटं रांगेत. उरली आठ मिनिटं, त्यातलीही परत चालण्यात सात. जयमालाचं म्हणणं एवढंच होतं की हार्नेस लाईनला दहा मिनिटं आधी सोडा. तिनं दादासाहेबांना तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते "बघू" म्हणाले. चौथ्यांदा तिनं सांगितलं नाही, सरळ अर्ज भरला.

पंचाईत अशी की जयमालाचा नवरा रोहिदास हा दादासाहेबांचा सख्खा चुलतभाऊ. चाकणजवळच्या त्यांच्या गावात दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागतो. रोहिदासही याच कंपनीत, प्रेस शॉपला. नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला कंपनीनं त्याला तीन महिने तमिळनाडूतल्या होसूरच्या कारखान्यात पाठवलं. निघायच्या दिवशी जयमालानं त्याला सांगितलं की मी दादासाहेबांच्या विरोधात उभी राहतेय. तो बॅगेत मोजे कोंबत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "बघ तुझं तू."

हे तीन शब्द जयमालानं तीन महिने जपून ठेवले. हे मला पुढं त्यांच्याच घरात राहून कळलं.

तर मी होसूरला निघाले. पाकिटात बसून, तिकीट लावून, शिक्के खात. काय तो प्रवास! आयुष्यात भोसरीच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं आणि एकदम तीन राज्यं. पाहिलं तसं तिथंही काही नाही, पाकिटाला खिडकी नव्हती, पण ऐकलं पुष्कळ. चार दिवसांनी कुणीतरी मला अनोळखी भाषेत हाक मारून एका दाराखालून आत सरकवलं आणि मी रोहिदासच्या हाती लागले.

रोहिदास हा फार कमी बोलणारा माणूस. यंत्राचं दोनशे पानी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा, नट ढिला असेल तर नुसत्या आवाजावरून ओळखणारा. पण स्वतःच्या मनातलं काही बाहेर काढायचं म्हटलं की गडी घामाघूम. मला त्यानं तीन दिवस टीव्हीवर ठेवलं. येता-जाता बघायचा. बायकोचा फोन आला की दोघं हवेबद्दल बोलायचे. इकडं गरम आहे, तिकडं पण गरम आहे. ती मताचं विचारायची नाही आणि हा सांगायचा नाही. मला तर पाकिटातून ओरडून विचारावंसं वाटे.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, जेवण झाल्यावर त्यानं हात साबणानं धुतले, टेबल पुसलं आणि मला उलगडलं. पेन काढलं. पुढचा अर्धा तास काय झालं ते मी सांगणार नाही, गुप्त मतदान आहे. एवढंच सांगते की फुली मारायला कुणालाही अर्धा तास लागत नाही, आणि त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं मला घाईघाईनं पाकिटात घातलं, डिंक लावला, वरून चिकटपट्टीही मारली. पाठवणाऱ्याच्या जागी सवयीनं गावाकडचा पत्ता लिहिला.

शनिवारी चार वाजायच्या आत मला चाकणच्या टाइम ऑफिसातल्या, म्हणजे हजेरी लावतात त्या कचेरीतल्या पेटीत पडायचं होतं. टपाल कचेरी त्याच्या खोलीपासून शंभर पावलांवर होती. मी मनातल्या मनात तिकीट लावूनसुद्धा बसले होते. पण इथंच आमच्या गड्यानं डोकं चालवलं.

त्याचा हिशेब असा. टपालाला कधी तीन दिवस लागतात, कधी सात. पण होसूरहून चाकणला आपल्याच कंपनीची मालाची गाडी येते, आणि ती कधी म्हणजे कधीच चुकत नाही. सुटे भाग वेळेवर आले नाहीत तर अख्खी लाईन बंद पडते, मग मोठे साहेब खाली उतरतात. म्हणून कामगार सगळं या गाडीतूनच पाठवतात. इकडून चिवडा जातो, तिकडून केळ्याचे वेफर येतात. सुट्या भागांच्या क्रेटमध्ये कोपऱ्यात पुडकं सारायचं आणि उतरवून घेणाऱ्याला फोन करायचा. चाकणला फोर्कलिफ्ट चालवणारा पिंटू हा रोहिदासचा दोस्त. रोहिदासनं त्याला फोन लावला.

"पिंट्या, सतरा नंबरच्या क्रेटमधी पुडकं हाय. गुरवारी गाडी येईल. त्यातलं पाकीट टाइम ऑफिसात टाक, आन कॉफी जयमालाला दे."

"टेन्शन नको घेऊ भावा," पिंटू म्हणाला.

कॉफी म्हणजे होसूरची ताजी दळलेली पावडर, अर्धा किलो, त्यानं बायकोसाठी घेतली होती. मला त्यानं पुडीला चिकटून ठेवलं, वर तिकडच्या भाषेतलं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि चौफेर खाकी टेप मारली. बाहेरून बघणाऱ्याला आत पाकीट आहे याचा पत्ताही लागला नसता. मग रबरी बुशांच्या क्रेटमध्ये आम्ही दोघी बसलो आणि मंगळवारी संध्याकाळी गाडी निघाली. कॉफीचा काय तो घमघमाट! मला दोन दिवस झोप नाही.

गाडी गुरुवारी सकाळी साडेआठला फाटकाशी आली. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. आणि फाटक बंद.

तुम्ही पिंपरी-चिंचवडकडचे असाल तर आत्तापर्यंत कपाळाला हात लावला असेल. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. इथल्या पोरांना वार मोजायलाच गुरुवारपासून शिकवतात. रोहिदास या मातीत वाढलेला, पंधरा वर्षं गुरुवारी घरी बसलेला माणूस. पण होसूरला सुट्टी रविवारची. तीन महिने तिथं रविवारी झोपून त्याचा गुरुवार पुसला गेला. आणि पिंटूला फोनवर ते सुचलं नाही, कारण पिंटूला फोनवर काहीच सुचत नाही.

त्या गुरुवारी पिंटू गावात मेथी काढत होता. मी फाटकाबाहेर गाडीत. ड्रायव्हर ढाब्यावर. कॉफी म्हणाली, येतील की उद्या. ती मुळात निवांत स्वभावाची.

शुक्रवारी सकाळी नवाला गाडी उतरली. पिंटू त्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला, म्हणजे तो येणार साडेतीनला. तोवर आमचा क्रेट तपासणीच्या टेबलावर पोचला होता. तिथं उत्कर्षा होती. रहाटणीची मुलगी, नोकरीला लागून सहा आठवडे झालेले, आणि नियमांची वही अजून कोरी करकरीत. तिनं बुश मोजले, दोनशे चाळीस. बरोबर. आणि खाली मी. मालाच्या चलनावर माझी नोंद नव्हती. तिनं मला उचललं, हुंगलं, उलटंपालटं केलं. टेप फोडायचा अधिकार तिला नव्हता. मग तिनं लाल चिठ्ठी घेतली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: भाग क्रमांक नाही. रेखाचित्र नाही. कारण: ओळख पटत नाही.

मी लोकशाहीचा आधारस्तंभ वगैरे आहे असं छापखान्यात ऐकलं होतं. इथं मला नापास मालाच्या पिंजऱ्यात टाकलं, एका वाकड्या ब्रॅकेटच्या आणि चिरलेल्या नळीच्या मधोमध. पिंजऱ्याला कुलूप. ते सोमवारी उघडतं, तीन जणांच्या समक्ष.

साडेतीनला पिंटू आला आणि सतरा नंबरच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून शोधलं. अठरामध्ये शोधलं. सोळामध्येही शोधलं. मी पन्नास पावलांवरून जाळीतून बघत होते, पण मला हात नाहीत की तोंड नाही. त्यानं रोहिदासला फोन केला, "राव, वस्तू आलीच न्हाई बघ."

शनिवारी चार वाजता कँटीनमध्ये मोजणी सुरू झाली. आता माझं नशीब बघा. पिंजऱ्याची मागची भिंत तीच कँटीनची भिंत, आणि वर एक झरोका. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मोजणीला होते टाइम ऑफिसचे रंगराव. रंगराव म्हणजे घड्याळाचा माणूस. दोन मिनिटं उशीर झाला तर कार्डावर "उशिरा"चा शिक्का मारतात, आणि एकदा स्वतःला उशीर झाला तेव्हा स्वतःच्या कार्डावरही मारला होता. त्यांनी माईक घेतला आणि पेटी उघडली. झारा. ताट. ताट. झारा. झारा. प्रत्येक ताटाला हार्नेस लाईनच्या बायका हातातली खरीखुरी ताटं चमच्यानं वाजवत होत्या. मीही पाकिटात ताल धरला. वाकडा ब्रॅकेट म्हणाला, तुझं काय चाललंय?

बाद मतंही रंगराव कारणासकट वाचत होते, कारण पारदर्शकता. "बाद. दोन्हीकडं फुली." "बाद. मतावर वरणाचा डाग." "बाद. मतदारानं मजकूर लिहिला आहे. मजकूर असा: पोहे बंद करा, मी पाया पडतो." अख्खं कँटीन हसलं. मजकूर लिहिलेलं मत बाद, हे ऐकून मला जरा गरगरल्यासारखं झालं. पण ते कॉफीच्या वासानंही असेल.

शेवटी आकडे आले. झारा, एकशे अठ्ठ्याण्णव. ताट, एकशे अठ्ठ्याण्णव.

बाहेरच्या अकरातली दहा मतं वेळेत पोचली होती. अकरावी मी, भिंतीपलीकडं, लाल चिठ्ठी लावून. मी जिवाच्या आकांतानं फडफडायला गेले, पण टेप पक्की होती. रोहिदास कामात पहिल्यापासून पक्का.

बरोबरी झाली तर चिठ्ठी, असा नियम. शकूमावशी कँटीनमध्ये भांडी घासतात, तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांना बोलावून डोळे मिटायला लावले आणि डब्यातून चिठ्ठी काढायला सांगितली. झारा निघाला. दादासाहेब दहाव्यांदा अध्यक्ष झाले. फटाके मात्र कुणी लावले नाहीत, चिठ्ठीवर निवडून आल्याचं खुद्द दादासाहेबांनाच ओशाळल्यासारखं वाटत होतं. बायकांची ताटं गप झाली. जयमालानं आपलं ताट धुऊन जागेवर ठेवलं, तो आवाज मला ऐकू आला.

सोमवारी साडेदहाला पिंजरा उघडला. तीन जणांच्या समक्ष उत्कर्षानं टेप कापली आणि आतून मी बाहेर आले. पाकिटावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: निवडणूक, तातडीचे. पोरीच्या हातातली कात्री खाली पडली. ती रडवेली होऊन मला घेऊन टाइम ऑफिसकडं पळत सुटली. रंगरावांनी मला आडवं-उभं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि तोच कामगारांच्या कार्डावरचा शिक्का माझ्या अंगावर उमटवला. उशिरा. सोमवार, दहा वाजून एकेचाळीस मिनिटं.

"बाई, तुमची काही चूक नाही," ते उत्कर्षाला म्हणाले. "पण उशीर म्हणजे उशीर. आणि कंपनीची पद्धत अशी की जो माल आपण घेतला नाही, तो पाठवणाऱ्याला परत जातो. न उघडता."

दुपारपर्यंत ही बातमी चारी शेडमध्ये पोचली. आता सगळ्यांना एकच प्रश्न पडला, रोहिदासनं मत दिलं कुणाला? प्रेस शॉपवाले म्हणाले, भावाला. पिंटू म्हणाला, बायकोलाच, नाहीतर कॉफी कशाला पाठवली असती. लाईनवरच्या एकीनं तर सांगून टाकलं की नवऱ्यानं मुद्दाम उशिरा पाठवलं, म्हणजे भावालाही राग नको आणि बायकोलाही नको. हे जयमालाच्या कानावर गेलं. कॉफीची पुडी पिंटूच्या सांगण्यावरून उत्कर्षानं तिला नेऊन दिली होती. ती पुडीकडं बघून एवढंच म्हणाली, "कॉफी पोचली. मत न्हाई पोचलं."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. एवढी सजूनधजून निघाले आणि एका घरात भांडण लावून बसले.

मी परतीच्या वाटेला लागले, या वेळी टपालानं. कंपनीपासून त्यांचं गाव सहा किलोमीटर. मला दहा दिवस लागले. मी पुण्याला गेले, तिथं एका पोत्यात राहिले, मग दुसऱ्याच तालुक्यात जाऊन आले. रोहिदासनं टपालावर भरवसा ठेवला नाही हे बरंच केलं, असं वाटू लागलं.

तोवर तीन महिने संपून रोहिदास घरी आला होता. घरात शब्द मोजून वापरले जात होते. चहा घ्या. घेतला. पाणी तापलंय. बरं. एकदा त्यानं धीर करून म्हटलं की मत तुलाच दिलं होतं. जयमाला कणीक मळत होती. ती म्हणाली, "समदेच तसं म्हणत्यात. एकशे अठ्ठ्याण्णव मतं पडली, आन मला भेटून सांगणारी तीनशे हायत."

आणि मग गुरुवार आला. सुट्टीचा वार, दोघंही घरी. पोस्टमननं मला ओट्यावर टाकलं आणि जयमालानं उचललं. रोहिदास बंबात लाकडं सारत होता. त्यानं पाकिटावरचं स्वतःचं अक्षर पाहिलं, आणि ज्या माणसानं "तुलाच दिलं" म्हणून सांगितलं होतं, तोच एकदम उठून म्हणाला, "दे इकडं ते. फोडू नको."

झालं. जयमालाचा संशय होता-नव्हता तो सगळा खरा ठरला.

"का फोडू नको?"

"गुप्त असतंय ते."

"बारा दिस झाले मोजणी होऊन. आता कुणापास्नं गुप्त?"

तो पुढं आला, ती मागं सरली. मग जे काही झालं ते या वयाच्या माणसांना शोभणारं नव्हतं. तुळशीभोवती दोन फेऱ्या, गोठ्याच्या दारातून आत, चुलीकडून बाहेर. मी तिच्या मुठीत, आणि मला इतकं हसू येत होतं की डिंक सुटायला आला. भिंतीपलीकडून दादासाहेबांच्या घरातली माणसं माना उंचावून बघायला लागली. शेवटी जयमालानं स्वैपाकघरात शिरून आतून कडी घातली, सुरीनं चिकटपट्टी फोडली आणि मला उलगडलं.

आता सांगते. आता गुप्त काही राहिलं नाही.

ताटापुढं फुली होती. एक नाही, तीन. एकीवर एक गिरवलेल्या, कागद दुसऱ्या बाजूनं टोचेपर्यंत. आणि झाऱ्याचा चौकोन मोकळा होता म्हणून रोहिदासनं तिथून लिहायला सुरुवात केली होती. लिहिता लिहिता ओळी समासात गेल्या, सूचनांवरून वर चढल्या आणि त्या चौथ्या सूचनेच्या बरोबर डोक्यावर येऊन संपल्या. यंत्राचं दोनशे पानी पुस्तक वाचणाऱ्या माणसानं माझ्यावरच्या चार ओळी वाचल्या नव्हत्या. चौथी अशी होती: मतपत्रिकेवर नाव, सही वा अन्य मजकूर लिहिल्यास मत बाद धरले जाईल.

त्यानं लिहिलं होतं:

"जयमाला, तू उभी राहते म्हणालीस तेव्हा मी बघ तुझं तू म्हणालो. तसं म्हणायला नको होतं. मला भ्या वाटलं की दादाला काय वाटेल. तू शिफ्टवरनं येतीस तेव्हा पहिलं भाकरीच्या टोपल्याकडं हात जातो तुझा, ते मी रोज बघतो. कधी बोललो न्हाई. दहा मिनिटं तुमच्या हक्काची हायत. तू निवडून यायला पायजे. तोंडावर सांगायला जमत न्हाई म्हणून हितं लिवलं. तुझा रोहिदास. टोकन नंबर अकराशे सत्तेचाळीस. कॉफी दोन चमचेच टाकायची, कडू हुती."

दाराबाहेर रोहिदास म्हणत होता, "जयमाला. अगं जयमाला." आत जयमाला पाटावर बसून मला वाचत होती. एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. एक थेंब माझ्या ताटावर पडला, अजून डाग आहे. आणि मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. कडी काढून ती बाहेर आली.

"अवो, बाद हाय हे मत. सही कुठं करत्यात का मतावर? वर टोकन नंबर." तिला धाप लागली होती. "येळेवर पोचलं असतं तर रंगरावांनी माईकवर वाचलं असतं समदं. कॉफीच्या चमच्यासकट."

रोहिदासचा चेहरा आधी पांढरा झाला, मग माझ्यासारखा गुलाबी. अख्ख्या कँटीनसमोर, चारशे माणसांत, दादासाहेबांसमोर. त्या विचारानं त्याला ओट्यावर बसावं लागलं. पंधरा दिवस ज्या गुरुवारला तो शिव्या घालत होता, त्याच गुरुवारनं त्याची अब्रू राखली होती.

जयमाला त्याच्या शेजारी बसली. "रंगरावांनी न्हाई मोजलं. मी मोजलं," ती म्हणाली. "पण कागदावर हाय ते. तोंडानं कवा?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी तिच्या ॲप्रनच्या खिशात बसून कंपनीत गेले. साडेअकराचा भोंगा झाला. आम्ही सात मिनिटं चालत कँटीनला पोचलो तर प्रेस शॉपची रांग पुढं उभी, आणि रोहिदास तिच्यात पहिला. दादासाहेब झाऱ्यानं भाजी वाढायला उभे होते, निवडून आल्यापासून ते स्वतः वाढतात. रोहिदासनं ताट पुढं केलंच नाही. तो रांगेतून बाहेर झाला, आणि त्याचे कान लाल झालेले मला खिशाच्या शिवणीतून दिसले.

"दादा," तो म्हणाला. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "दादा, माझं मत जयमालाला हुतं. हार्नेसच्या बायांना दहा मिनिटं आधी सोडा. मी बघतोय रोज, त्यांचं जेवान हुत न्हाई."

दादासाहेबांचा झारा भाजीत तसाच. मग दादासाहेब म्हणाले, "मंग हे आधी बोलायचं न्हाई व्हय रं? नऊ वर्सं मला वाटलं बाया हौसेनं पळत्यात. जयमाला बोलली तवा मनावर घेतलं न्हाई." आणि वाढायला लागले ते थेट रांगेच्या मागच्या टोकाला जाऊन, बायकांच्या बाजूनं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर सूचना लागली. रंगरावांच्या अक्षरात, वेळ मिनिटासकट. हार्नेस लाईन अकरा पंचवीसला सुटेल. दहा मागितली होती, पाच मिळाली. जयमाला फळ्यासमोर उभी राहून म्हणाली की बाकीची पाच पण घेणार. ती घेईल. मी तिला जवळून ओळखते.

आता मी इथं असते. कॉफी कधीच संपली, पण वास आहे, आणि डबा चुलीजवळच्या फळीवर असल्यानं ऊबही मिळते. बहिणींची आठवण येते. त्या वेळेवर पोचल्या, मोजल्या गेल्या आणि त्यांचं पुठ्ठ्याचं खोकं झालं असं ऐकलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी उशिरा पोचले, आणि वेळेत पोचले असते तरी बादच होते. तरीसुद्धा मला महिन्यातून दोनदा बाहेर काढून वाचलं जातं. कुठल्या मतपत्रिकेच्या नशिबी हे येतं?

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, तुमच्या हाती माझी एखादी बहीण आली तर तिच्यावर एकच फुली मारा आणि तिला सरळ टपालात टाका, तेही आठवडाभर आधी. चौथी सूचना वाचा. गुरुवार ध्यानात ठेवा. आणि तिच्यावर लिहावंसं वाटेल असं काही मनात असेल, तर ते ज्याला सांगायचं त्याच्यासमोर जाऊन सांगा. कान लाल होतील, होऊ देत.

थांबा, डबा हलला. जयमालाची पहिली शिफ्ट सुटलेली दिसते. झाकण उघडतंय.